ऊर्जा कंपन्या क्लाउडवर जाताना : या चुका टाळा

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी केए-सॅट या उपग्रह इंटरनेट सेवेवर सायबर हल्ला झाला आणि युरोपातल्या सुमारे ५,८०० पवनचक्क्यांची दूरदेखरेख बंद पडली. चक्क्या मात्र फिरत राहिल्या, वीज देत राहिल्या, कारण त्यांना चालवणारा कंट्रोलर चक्कीतच होता. या घटनेचा क्लाउडशी थेट संबंध नाही. तरीही वीज, तेल किंवा गॅस कंपनीचा क्लाउड आराखडा समोर आला की पहिला प्रश्न हाच विचारावा: बाहेरची इंटरनेट लाइन गेली तर प्रकल्पात काय काय थांबेल? उत्तर ‘फक्त रिपोर्ट’ असेल तर पुढे जा. ‘व्हॉल्व्ह’ किंवा ‘ब्रेकर’ (वीजप्रवाह तोडणारा मोठा स्विच) असेल तर आराखडा परत पाठवा.

नियंत्रणच क्लाउडवर नेणं

फॉल्ट आला की ब्रेकर उघडायचा, म्हणजे प्रवाह तोडायचा, निर्णय रिले हे संरक्षक यंत्र काही मिलिसेकंदांत घेतं. सबस्टेशनमधल्या यंत्रांच्या संवादासाठीच्या आयईसी ६१८५० या आंतरराष्ट्रीय मानकात ट्रिपच्या (ब्रेकर उघडण्याच्या) संदेशाला ३ मिलिसेकंदांत पोचावं लागतं. दूरच्या डेटा सेंटरला जाऊन परत यायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो, आणि तोही दर वेळी तेवढाच लागेल याची खात्री नाही. रिले, पीएलसी (यंत्रं चालवणारे छोटे संगणक), स्काडाचा (देखरेख-नियंत्रण यंत्रणेचा) जिवंत भाग प्रकल्पातच राहू द्या. क्लाउडवर न्या ते भाराचे अंदाज, देखभालीचं विश्लेषण, बिलिंग, तेल-गॅस शोधताना घेतलेल्या भूकंपलहरींच्या डेटावरची गणितं.

दुसरी बाजू सहसा सुटते. २८ एप्रिल २०२५ रोजी स्पेन आणि पोर्तुगालमध्ये ग्रिड कोसळलं तेव्हा वीज गेली आणि तिच्यामागोमाग मोबाइल सेवाही ढासळत गेली. म्हणजे ज्या दिवशी ग्रिड पुन्हा उभं करायचं, त्याच दिवशी क्लाउडपर्यंतचा रस्ता बंद असण्याची शक्यता सर्वांत जास्त. ब्लॅक स्टार्टची (बंद ग्रिड शून्यातून सुरू करण्याची) कार्यपद्धती, सिंगल लाइन डायग्राम (वीजजोडणीचा नकाशा), फोन नंबर हे सगळं फक्त क्लाउडवर ठेवणाऱ्यांनी याचा विचार करावा. कागदाची फाइल अजून मोडीत निघालेली नाही.

तपासायचं तर ठरवून एका दिवशी इंटरनेट लाइन काढा आणि काही तास ऑपरेटरजवळ बसा. त्याला काय दिसेनासं झालं, याची जी यादी होईल, तोच तुमच्या कामाचा क्रम.

‘आकडे जुळत नाहीत’

ही तक्रार हमखास येते आणि खापर क्लाउडवर फुटतं. बहुतेक वेळा दोष घड्याळात असतो. आधी पाहा, मीटर किंवा आरटीयू (दूरच्या ठिकाणची मोजमापं पाठवणारं यंत्र) वेळ स्थानिक लिहितो की यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ. दिवस यूटीसीप्रमाणे तोडला गेला असेल तर रोजच्या बेरजेत काल आणि आज मिसळतात. महिन्याची बेरीज मात्र जवळपास बरोबर येते, त्यामुळे चूक लपून राहते. मग पाहा, १५ मिनिटांच्या नोंदीवर १०:०० लिहिलंय ती वेळ खंड सुरू झाल्याची की संपल्याची. दोन यंत्रणांचं यावर एकमत नसेल तर सगळा भारवक्र एका खंडाने सरकतो. उन्हाळी वेळ पाळणाऱ्या देशांत वर्षातला एक दिवस २५ तासांचा असतो. त्या दिवशी एकच तास दोनदा येतो आणि ‘डुप्लिकेट’ म्हणून एका तासाची वीज पुसली जाते. साठवताना यूटीसी, दाखवताना स्थानिक वेळ, आणि खंडाचा अर्थ टॅगच्या (प्रत्येक मोजमापाला दिलेल्या नावाच्या) वर्णनातच लिहिलेला, एवढं केलं तरी बरेच वाद मिटतात.

सरळ रेषा हे दुसरं कोडं. हिस्टोरियन, म्हणजे मोजमापांच्या नोंदी साठवणारं सॉफ्टवेअर, ठरावीक फरकापेक्षा लहान बदल नोंदवत नाही. म्हणून तापमानाची सपाट रेषा ‘सगळं स्थिर आहे’ असंही सांगते आणि ‘सेन्सर कधीच मेला’ असंही. प्रत्येक गेटवेवरून (प्रकल्पातला डेटा क्लाउडवर पाठवणाऱ्या यंत्रावरून) सतत बदलणारा एक ‘हार्टबीट’ टॅग पाठवा, म्हणजे फरक लगेच कळतो. आणि स्थलांतर करताना नोंदीचा दर्जा सांगणारा ‘गुड-बॅड’चा रकाना गाळू नका. जागा वाचवायला तो उडवला जातो, मग तुटलेल्या सेन्सरचा शून्य हा खराच शून्य दाब ठरतो आणि सरासरी बिघडते.

लाइन परत आल्यावरही गंमत होते. गेटवेने साठवलेल्या नोंदी एकदम सुटतात आणि काही तासांपूर्वीच्या तापमानावर आता अलार्म वाजतो. मोजल्याची आणि पोचल्याची अशा दोन्ही वेळा साठवा. शिळ्या नोंदीने अलार्म उठू देऊ नका. सगळे गेटवे एकाच क्षणी जोडायला धावले तर सर्व्हर पुन्हा आडवा होतो, म्हणून प्रत्येकाला थोडा वेगळा, यादृच्छिक विलंब द्या.

सगळंच वर पाठवणं

१० लाख स्मार्ट मीटर दर १५ मिनिटांनी नोंद देत असतील तर दिवसाला ९.६ कोटी नोंदी होतात. आकडा मोठा दिसतो, पण क्लाउडला तो जड नाही. जड जातात ते सेकंदाला हजारो नमुने घेणारे टर्बाइनवरचे कंपन सेन्सर. त्यांचा स्पेक्ट्रम (कोणत्या वारंवारतेला किती कंपन, हे) प्रकल्पातच काढा, निष्कर्ष पाठवा, कच्चा डेटा बिघाडाच्या आसपासचाच ठेवा. बिल अचानक वाढलं तर साठवणुकीआधी डेटा बाहेर काढण्याचं शुल्क बघा. मोठ्या क्लाउड सेवांमध्ये डेटा आत टाकणं सहसा फुकट, बाहेर काढणं पैशाचं. भूकंपलहरींचा डेटा क्लाउडवर आणि तो पाहायचं सॉफ्टवेअर ऑफिसात, अशी फाळणी केली की हे शुल्क रोज लागतं.

सुरक्षा विक्रेत्यावर सोडणं

क्लाउड सेवा आपली इमारत आणि सर्व्हर सांभाळते. तुमची खाती आणि परवानग्या तुम्हीच सांभाळायच्या. मे २०२१ मध्ये अमेरिकेतल्या कोलोनियल पाइपलाइन या इंधनवाहिनीच्या कंपनीवर सायबर हल्ला झाला. हल्लेखोर शिरले होते ते वापरात नसलेल्या एका व्हीपीएन (बाहेरून कंपनीच्या जाळ्यात येण्याच्या) खात्यातून, ज्याला पासवर्डपलीकडे दुसरी पडताळणी नव्हती. रॅन्समवेअर (खंडणीसाठी डेटा कुलूपबंद करणारं सॉफ्टवेअर) कार्यालयीन संगणकांत होतं, तरी कंपनीने खबरदारी म्हणून पाइपलाइनच बंद केली, कारण कार्यालय आणि पाइपलाइन यांच्या दोन जाळ्यांमधली सीमा धरून राहील असा भरवसा नव्हता.

म्हणून क्लाउडकडून प्रकल्पात येणारा एकही पोर्ट उघडू नका. जोडणी आतून बाहेर, मधल्या डीएमझेडमार्गे (दोन जाळ्यांमधल्या वेगळ्या, सुरक्षित पट्ट्यातून). जिथे फक्त वाचायचंय तिथे डेटा डायोड (डेटा एकाच दिशेने जाऊ देणारं उपकरण) बसवा. कंत्राटदाराच्या खात्याला शेवटची तारीख असू द्या, आणि ती आल्यावर खातं आपोआप बंद होतं का, हे एकदा त्यालाच लॉगिन करायला लावून पाहा.