परदेशी तांत्रिक संचालक नेमताना : राष्ट्रीय फुटबॉल महासंघासाठी मार्गदर्शन

तांत्रिक संचालकाच्या नेमणुकीतला सर्वांत मोठा घोळ पदाच्या अर्थावरूनच होतो. मुख्य प्रशिक्षक पुढचा सामना जिंकण्यासाठी असतो, तर आज दहा-बारा वर्षांची असलेली मुले-मुली आणखी दहा वर्षांनी कशी खेळतील हे पाहण्यासाठी तांत्रिक संचालक असतो. प्रशिक्षकांचे शिक्षण आणि परवाने, वयोगटांच्या स्पर्धांची रचना, गुणी खेळाडूंचा शोध, अकादम्यांचे निकष आणि कुमार संघांपासून वरिष्ठ संघांपर्यंत खेळाची एक समान समज रुजवणे, एवढा या कामाचा पसारा आहे. म्हणून जाहिरात काढण्याआधी कार्यकारिणीने एका प्रश्नाचे लेखी उत्तर तयार करावे : ही व्यक्ती परत गेल्यावर देशात मागे काय उरले पाहिजे? ‘संघ जिंकू लागला पाहिजे’ हे उत्तर पुरेसे नाही. प्रशिक्षकांना शिकवू शकतील असे स्वदेशी शिक्षक तयार व्हावेत, किंवा प्रत्येक विभागात तेरा वर्षांखालील मुलींची साखळी स्पर्धा वर्षभर चालावी, अशा प्रकारचे उत्तर हवे.

त्यानंतर स्वतःच्या घराची मोजदाद करावी. परवानाधारक प्रशिक्षक किती आहेत आणि त्यांतले प्रत्यक्ष मैदानावर किती आहेत, चौदा वर्षांचा खेळाडू वर्षाला किती सामने खेळतो, मुली कोणत्या वयात खेळ सोडतात, हे आकडे हाती नसताना उमेदवारांशी बोलणे व्यर्थ आहे. बेल्जियमचे उदाहरण सगळे देतात, पण त्यातला हा भाग बहुधा वगळला जातो. आपल्याच भूमीवर झालेल्या २००० च्या युरो स्पर्धेत पहिल्या फेरीत गारद झाल्यावर तिथल्या संघटनेने लूव्हेन विद्यापीठाच्या मदतीने लहान मुलांच्या सुमारे दीड हजार सामन्यांच्या चित्रफितींचा अभ्यास करवून घेतला. जिंकण्यावर अवाजवी भर दिला जात होता आणि मुलांच्या पायाला चेंडू फारच कमी वेळा लागत होता, असे त्यातून दिसले. मग सर्वांत लहान वयोगटांचे गुणतक्ते बंद झाले आणि कमी खेळाडूंचे, छोट्या मैदानावरचे सामने सुरू झाले. संघटनेचे तांत्रिक संचालक मिशेल साब्लों यांच्या नेतृत्वाखालील आराखडा २००६ मध्ये पुढे आला. जून २००७ मध्ये हा देश फिफा क्रमवारीत ७१ वा होता आणि नोव्हेंबर २०१५ मध्ये पहिला. म्हणजे आराखड्याला नऊ वर्षे मिळाली, आणि ज्यांनी तो राबवला ते बाहेरून आणलेले नव्हते, त्याच देशाचे होते.

याच साब्लों यांना २०१५ मध्ये सिंगापूरने तांत्रिक संचालक नेमले. तिथे तरुणांना साधारण अठराव्या वर्षी दोन वर्षांची सक्तीची राष्ट्रीय सेवा करावी लागते, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलमध्ये पाऊल टाकण्याच्या नेमक्या वयात. अशी अडचण कोणत्याही परदेशी आराखड्यात लिहिलेली नसते आणि एकटा तांत्रिक संचालक ती सोडवू शकत नाही. शाळा, सैन्य, क्लब आणि सरकार यांच्याशी बोलण्याची जबाबदारी महासंघाने आपल्याकडेच ठेवली पाहिजे आणि तसे उमेदवाराला आधीच सांगितले पाहिजे.

या कामाचा आदर्श मला विचाराल तर तो जपानमध्ये सापडतो. जर्मन प्रशिक्षक डेटमार क्रामर १९६० मध्ये तिथे गेले. त्या वेळी तांत्रिक संचालक असे पदनाम नव्हते, काम मात्र तेच होते. प्रशिक्षकांचे शिक्षण, सातत्याने आंतरराष्ट्रीय सामने आणि एक राष्ट्रीय साखळी स्पर्धा यांचा त्यांनी आग्रह धरला. ती साखळी १९६५ मध्ये सुरू झाली. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये जपानने कांस्यपदक मिळवले, तेव्हा संघाचे मुख्य प्रशिक्षक केन नागानुमा होते आणि त्यांचे सहायक शुनइचिरो ओकानो. पुढे हे दोघेही जपानच्या फुटबॉल संघटनेचे अध्यक्ष झाले. परदेशी मार्गदर्शकाच्या यशाची याहून चांगली मोजपट्टी मला माहीत नाही.

निवड करताना हीच मोजपट्टी हाती धरावी. उमेदवार स्वतः कोणत्या क्लबकडून खेळला याला फार महत्त्व देऊ नये. सर्वोच्च प्रशिक्षण परवाना असावा, पण त्याहून आवश्यक आहे तो इतर प्रशिक्षकांना शिकवण्याचा अनुभव. ती व्यक्ती पूर्वी ज्या देशात काम करून आली, तिथल्या अध्यक्षांचे शिफारसपत्र मागण्याऐवजी तिथल्या दोन-तीन स्थानिक प्रशिक्षकांना दूरध्वनी करावा आणि विचारावे, की त्यांनी सुरू केलेले अभ्यासक्रम आजही चालू आहेत का, आणि त्यांची जागा कोणी घेतली. अंतिम टप्प्यातल्या उमेदवारांना सादरीकरण करायला लावण्यापेक्षा दोन दिवस मुला-मुलींचे सामने दाखवावेत, वर सांगितलेली आकडेवारी द्यावी आणि काय दिसले ते पाच पानांत लिहून मागावे. महिला संघांविषयी जो उमेदवार विचारल्याशिवाय एक शब्दही लिहीत नाही, त्याला राष्ट्रीय संघांचा अर्थ फक्त पुरुषांचा वरिष्ठ संघ एवढाच ठाऊक आहे, असे समजावे. निवड समितीत महिला फुटबॉलचा, क्लबांचा आणि प्रशिक्षण विभागाचा प्रतिनिधी असलाच पाहिजे. मुख्य प्रशिक्षकाशीही आधी बोलून घ्यावे. कुमार संघांचे प्रशिक्षक कोण निवडणार आणि वरिष्ठ संघाच्या निवडीत संचालकाचे मत सल्ल्यापुरते की बंधनकारक, हे त्याच वेळी लेखी ठरवावे, कारण ही भांडणे नंतर वर्तमानपत्रांतून होतात आणि त्यात वर्षे वाया जातात.

करार किमान चार वर्षांचा असावा, दुसऱ्या वर्षाअखेर त्याचा आढावा घ्यावा आणि त्याची निरंतरता महासंघाच्या निवडणुकीवर अवलंबून नसावी. मानधन फिफा क्रमवारीशी किंवा वरिष्ठ संघाच्या निकालांशी जोडू नये, कारण तसे केले की संचालकाचे लक्ष मुलांवरून हटून पुढच्या सामन्याकडे वळते. वर्षातले किती दिवस देशात राहायचे हे स्पष्ट लिहावे. अभ्यासक्रम, चित्रफिती आणि खेळाडूंच्या नोंदी यांची मालकी महासंघाची राहील, हे कलम कधीही विसरू नये. फिफाच्या नियमांत २०२१ पासून प्रशिक्षकांच्या करारांसाठी स्वतंत्र तरतुदी आहेत. त्यांनुसार कामाचा परवाना मिळण्यावर कराराची वैधता अवलंबून ठेवता येत नाही, आणि दोन महिन्यांचे वेतन थकल्यास प्रशिक्षक लेखी सूचना देऊन किमान १५ दिवसांच्या मुदतीनंतर करार संपवू शकतो. तांत्रिक संचालक या तरतुदींच्या कक्षेत येतो की नाही, हे त्याच्या प्रत्यक्ष कामाच्या स्वरूपावर ठरते. म्हणूनच वाद कुठे सोडवायचा, फिफाकडे, स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाकडे की देशातल्या न्यायालयात, हे करारातच नमूद करावे. व्हिसाची प्रक्रिया मात्र सहीच्या आधी पूर्ण करावी.

पैशांविषयी एकच सांगतो. फिफा फॉरवर्ड कार्यक्रमातून आणि प्रतिभा विकास योजनेतून सदस्य संघटनांना निधी व तज्ज्ञांची मदत मिळू शकते, पण संचालकाचा पगार भागवल्यावर प्रशिक्षण शिबिरे, प्रवास आणि स्पर्धा यांसाठी काहीच उरणार नसेल, तर ही नेमणूक पुढे ढकलावी आणि त्या रकमेत आधी विभागीय प्रशिक्षक नेमावेत.

पहिल्या दिवसापासून संचालकाच्या शेजारी एक पूर्णवेळ स्वदेशी उपसंचालक बसला पाहिजे. त्याला दुभाषा किंवा स्वीय सहायक बनवू नये, प्रत्येक बैठकीत त्याचे मत नोंदवले जावे. पहिले तीन-चार महिने संचालकाकडून आराखडा मागू नये, फक्त फिरू द्यावे. तिसऱ्या वर्षापासून प्रशिक्षकांचे वर्ग उपसंचालकाने स्थानिक भाषेत घ्यावेत आणि संचालकाने मागच्या बाकावर बसून ऐकावे. शेवटच्या सहा महिन्यांत नवीन काहीही सुरू न करता प्रत्येक अभ्यासक्रम, निकष आणि नोंदवही देशाच्या भाषेत तपासून घ्यावी आणि कराराच्या मुदतीआधीच उपसंचालकाच्या सहीने पुढच्या हंगामाचे वेळापत्रक जाहीर करावे.