‘बीडीएल’ म्हणजे शून्य नव्हे: फॉर्म ५ च्या डेटाबेसची दुरुस्ती

३१ मार्चला संपलेल्या वर्षाचं पर्यावरण विवरणपत्र, म्हणजे फॉर्म ५, कारखान्याला प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे ३० सप्टेंबरपर्यंत द्यावं लागतं. आमच्या डेटाबेसमधून सांडपाण्यातल्या जड धातूंची सरासरी प्रत्यक्षापेक्षा कमी निघत होती. प्रयोगशाळेच्या अहवालातलं ‘बीडीएल’ (बिलो डिटेक्शन लिमिट, म्हणजे चाचणीला ओळखता येईल त्या मर्यादेपेक्षा कमी) एक्सेलमधून आयात होताना शून्य होत होतं.

निकालाच्या एका रकान्याचे चार केले: आकडा, चिन्ह, शोधमर्यादा, एकक. ‘<०.०५’ आलं की आकडा रिकामा, चिन्ह ‘<’, मर्यादा ०.०५. सरासरी दोनदा काढतो, एकदा शून्य धरून, एकदा पूर्ण मर्यादा धरून. दोन्हींत मोठा फरक असेल तर त्या सरासरीवर विसंबू नये. मर्यादेचं अर्धं धरणं सोपं, पण बहुतेक नमुने बीडीएल असले की ते फसवतं.

दुसरी चूक प्रदूषण भाराची, म्हणजे रोज किती किलो प्रदूषक बाहेर जातं त्याची होती. मिग्रॅ/लिटर × घनमीटर/दिवस ÷ १००० = किलो/दिवस. सीओडी (रासायनिक ऑक्सिजन मागणी, सांडपाण्यातल्या प्रदूषणाचं एक माप) २५०, प्रवाह ४० असेल तर भार दिवसाला १० किलो. हा गुणाकार नमुन्याच्या दिवसाच्याच प्रवाहाशी करायचा. वार्षिक सरासऱ्या एकमेकींशी गुणल्या, तर प्रवाह आणि सीओडी एकदम वाढलेले दिवस हिशेबातून निसटतात, आणि नदीला नेमके तेच दिवस जड जातात.

जुनी नोंद पुसत नाही. दुरुस्ती नव्या ओळीत, अहवाल क्रमांकासह.