गोव्यात ट्रेनी म्हणून रुजू होताना: स्टायपेंड, टीडीएस आणि महिन्याचा हिशेब

ऑफर लेटरवर ‘मासिक स्टायपेंड रु. १५,०००’ असते. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत जुलैत रुजू झालेला ट्रेनी त्या आकड्यावर खोली, मेस, बस असा सगळा बेत आखतो आणि ऑक्टोबरच्या स्टायपेंडमध्ये नऊच हजार जमा झाले की गोंधळतो. एवढ्या उत्पन्नावर कर मुळात शून्य असतो. अडचण येते ती पैसे कोणत्या नावाखाली आणि कधी मिळतात यामुळे. म्हणून एचआरला पहिला प्रश्न आकड्याचा नको, नावाचा विचारा: हा स्टायपेंड अप्रेंटिस कायद्याखाली आहे, पगार म्हणून आहे, की प्रोफेशनल फी म्हणून?

अप्रेंटिस कायदा १९६१ खाली करार असेल तर किमान स्टायपेंड ठरलेला असतो. २०१९ च्या दुरुस्तीत तो दहावी पासला ६,०००, आयटीआयला ७,०००, डिप्लोमाला ८,००० आणि पदवीधराला ९,००० रुपये असा होता. चालू दर सरकारच्या अप्रेंटिस पोर्टलवर पाहूनच सही करा. यातला सरकारी वाटा थेट तुमच्या खात्यात येतो. नॅट्स या केंद्राच्या अप्रेंटिस योजनेत किमान स्टायपेंडचा निम्मा, तर नॅप्स या दुसऱ्या योजनेत पाव हिस्सा, कमाल १,५०० रुपये. हा वाटा कंपनीच्या पैशाबरोबर येत नाही, मागून येतो. खाते आधारशी नुसते जोडलेले असून भागत नाही; अनुदान ज्या खात्यात जमा व्हायचे ते एनपीसीआयच्या (बँकांमधली देवाणघेवाण सांभाळणाऱ्या संस्थेच्या) नोंदीत असावे लागते. घरच्या जुन्या सहकारी बँकेच्या खात्यावर ती नोंद राहिली असेल तर पैसे तिकडे जातात आणि पोरगे इकडे पासबुक भरून घेत बसते. खर्चाचा बेत कंपनीच्या वाट्यावरच करा. या कराराखालच्या अप्रेंटिसचा पीएफ आणि ईएसआय (कामगार विमा) कापला जात नाही, तेव्हा स्लिपवर ती कपात दिसली तर विचारा.

पगार म्हणून पैसे मिळत असतील तर काम सोपे. नव्या करप्रणालीत आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी ४ लाखांपर्यंत कर नाही, पगारावर ७५,००० ची प्रमाणित वजावट वेगळी, आणि करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर सवलतीमुळे कर शून्य. मुख्य कचेरी पुण्यात किंवा मुंबईत असलेल्या कंपनीची स्लिप मात्र नीट वाचा. महाराष्ट्रात व्यवसाय कर आहे, गोव्यात नाही. तिकडचा साचा जसाच्या तसा वापरला की महिना २०० रुपये उगाच जाऊ शकतात. कामाचे ठिकाण गोवा असल्याचे एचआरला ईमेलने कळवा.

खरी कसोटी प्रोफेशनल फीची. इथे आयकराचे कलम १९४-जे लागते: एका आर्थिक वर्षात एकाच कंपनीकडून ५०,००० च्या वर गेलात की १० टक्के टीडीएस (पैसे हातात देण्याआधीच कापलेला कर), आणि तो सुरुवातीपासूनच्या सगळ्या रकमेवर. जुलै ते सप्टेंबर मिळून ४५,००० होतात, कपात नाही. ऑक्टोबर धरून ६०,००० झाले की ६,००० एकदम कापले जातात, म्हणून हातात ९,०००. पुढे नोव्हेंबर-डिसेंबरला दीड-दीड हजार, म्हणजे सहा महिन्यांत ९,०००. हीच इंटर्नशिप जानेवारी ते जून असती तर मार्चअखेर ४५,००० आणि एप्रिलपासून नव्या वर्षात पुन्हा ४५,०००, म्हणजे कपात शून्य! रुजू होण्याची तारीख आपल्या हातात नसते, पण हे गणित पहिल्याच दिवशी मांडता येते. काही कंपन्या पहिल्या महिन्यापासूनच १० टक्के कापतात. खरे तर ट्रेनीला तेच बरे, धक्का एकदम बसत नाही. पॅन दिला नसेल तर कपात २० टक्के. मग ऑक्टोबरला हातात तीनच हजार.

‘१५-जी भरून दे, टीडीएस थांबेल’ हा सल्ला कॅन्टीनमध्ये हमखास मिळतो. तो फॉर्म व्याजासारख्या उत्पन्नासाठी आहे. १९४-जे ला चालत नाही. कापलेले पैसे परत मिळवायचा मार्ग एकच, रिटर्न भरणे. (१ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू होतो, तेव्हा कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक बदलतात. इथे ओळखीचे जुने क्रमांक दिले आहेत.) पहिल्या महिन्यापासून कापणाऱ्या कंपनीने जुलै ते सप्टेंबरची कपात ३१ ऑक्टोबरपर्यंत भरायच्या टीडीएस विवरणपत्रात दाखवायची असते, त्यानंतर ती २६-एएस मध्ये, म्हणजे आपल्या पॅनवर जमा कराच्या तक्त्यात, दिसू लागते. दिसत नसेल तर कंपनीत असतानाच मागे लागा, सोडून गेल्यावर फोन कोणी उचलत नाही. १९४-जे खालची रक्कम आयटीआर-१ मध्ये (रिटर्नच्या साध्या फॉर्ममध्ये) पगार म्हणून दाखवली तर आकडे जुळत नाहीत आणि परतावा अडकू शकतो, त्यामुळे पहिले रिटर्न एखाद्या सीएच्या ऑफिसातून भरून घेतलेले बरे. भरल्यावर ३० दिवसांत ई-पडताळणी करा.

आता खर्च. पुढचे आकडे नमुन्याचे आहेत, आपापले घालावेत. दोघांत खोली धरून भाडे ४,५००, जेवण ४,५००, प्रवास १,५००. महिना १०,५००. पण पहिला स्टायपेंड दुसऱ्या महिन्याच्या मध्यावर येतो. तोवर दोन महिन्यांचे डिपॉझिट ९,०००, दोन भाडी ९,०००, दीड महिन्याचे जेवण ६,७५०, बस २,२५० आणि गादी, बादली, सेफ्टी शूज यांचे ३,००० धरले तर तीस हजार घरून आणावे लागतात. हे न धरल्यामुळेच पहिल्या महिन्यात उसनवारी सुरू होते.

खोली किनाऱ्यापासून आत बघा. कळंगुट-कांदोळीकडे ऑक्टोबर लागला की घरमालकाला पर्यटक दिसू लागतात आणि ट्रेनीला खोली सोडायला सांगितली जाते. वेर्ण्यासाठी नुवें, लोटली किंवा मडगाव, कुंडईसाठी म्हार्दोळ, फोंडा, थिवीसाठी म्हापसा. अकरा महिन्यांचा करार लेखी घ्या आणि भाडेकरू पडताळणीचा अर्ज पोलिसांत गेला की नाही ते विचारा. हॉटेलात ट्रेनिंग असेल तर जेवण आणि राहणे मिळते का, हे स्टायपेंडच्या आकड्याइतकेच महत्त्वाचे. दोन्ही मिळत असतील तर निम्म्या स्टायपेंडवरही निभावते.

कदंबाचा (गोव्याच्या सरकारी बसचा) मासिक पास स्वस्त पडतो, पण संध्याकाळी आठनंतर बसगाड्या विरळ होतात. दुसरी पाळी रात्री सुटत असेल आणि कंपनीची बस नसेल तर पायलटचे (दुचाकी टॅक्सीचे) पैसे पाळीच्या दिवसांनी गुणून धरा. बहुतेक जण शेवटी घरची दुचाकी आणतात. गोव्यात पेट्रोल महाराष्ट्रापेक्षा स्वस्त आहे, बांद्या-सावंतवाडीच्या लोकांना हे सांगायला नको. मात्र विनाहेल्मेट १,००० आणि विमा संपलेला असेल तर २,००० दंड. म्हणजे एका नाक्यावर एक-दोन आठवड्यांचे जेवण गेले.

जून-जुलैत मासेमारी बंद असते, नुस्ते (मासे) महागते, खाणावळीचे ताटही. रेनकोट, छत्री, न वाळणारे कपडे आणि टायर हाही पावसाळ्याचाच खर्च. चवथीला (गणेश चतुर्थीला) घरी जायचे तिकीट आणि माटोळी (गणपतीवर टांगायची फळापानांची सजावट) व फटाक्यांची वर्गणी यासाठी महिना पाचशे बाजूला टाकले तर सप्टेंबर ओढाताणीचा जात नाही.

कंपनीने उघडून दिलेले पगार खाते तीन-चार महिने पगार न आल्यास साधे बचत खाते होते आणि किमान शिल्लक नसल्याचा दंड सुरू होतो. इंटर्नशिप संपताच बँकेत जाऊन ते शून्य शिल्लकीच्या मूलभूत बचत खात्यात बदलून घ्या. बंद करू नका. डिसेंबरला कापलेल्या पैशाचा परतावा पुढच्या उन्हाळ्यानंतर येतो, आणि रिटर्नमध्ये दिलेले खाते चालू नसेल तर तो जमाच होत नाही.