डब्यातला रेझोनन्स आणि माझं चाळीस ओळींचं मॉडेल

एमटेकला ईएमसीचा (एका उपकरणाच्या लहरींनी दुसरं बिघडू नये, हा विषय) प्रोजेक्ट मिळाला तेव्हा मला वाटायचं धातूचा डबा लावला की विषय संपला, आत काही शिरत नाही. (मोबाईल स्टीलच्या डब्यात ठेवून रिंग देऊन बघा एकदा, झाकणाच्या फटीतून काय काय जातं ते कळेल.) मग सगळे करतात तेच केलं, थेट थ्रीडी सिम्युलेशन, रात्रभर पीसी चालू आणि सकाळी कोणत्या फ्रिक्वेन्सीला किती लहर आत येते याचा जो ग्राफ आला त्यातलं एक शिखर का आलंय ते मला सांगता येईना.

गाईडनी 1998 चं रॉबिन्सन मॉडेल वाचायला दिलं. भारी सोपी आयडिया आहे: बाहेरून येणारी लहर म्हणजे 377 ओहमचा सोर्स, फट म्हणजे दोन्ही टोकांना शॉर्ट केलेली ट्रान्समिशन लाईन (लहर वाहून नेणारी तारांची जोडी), आणि डबा म्हणजे मागची भिंत शॉर्ट असलेला वेव्हगाईड (लहर वाहून नेणारी धातूची नळी). बास, आता हे सर्किट झालं, थेवेनिन लावत (अख्खं सर्किट एक सोर्स आणि एक रोध इतकं छोटं करत) आत सरकायचं आणि हव्या त्या जागचं व्होल्टेज काढायचं, बीईच्या दुसऱ्या वर्षाचं गणित. 300 बाय 120 बाय 300 मिलिमीटरचा डबा घेतला तर कटऑफ (ज्याच्या खाली वेव्हगाईडमधून लहर वाहत नाही ती फ्रिक्वेन्सी) 500 मेगाहर्ट्झ आणि पहिला रेझोनन्स (जिथे डबा स्वतःच घुमतो) साधारण 707 ला, हे तर कागदावरच निघतं. तिथे शिल्डिंग (डबा लहर किती अडवतो तो आकडा) चक्क निगेटिव्ह जातं, म्हणजे डबा नसता तर बरं झालं असतं!

माझा घोळ सांगतो. हे मॉडेल पायथॉनमध्ये चाळीस ओळींत लिहिलं आणि 500 च्या खाली ग्राफच कोरा, मी खूश, म्हटलं कटऑफखाली आत काहीच जात नाही. दोन दिवस हेच सगळ्यांना सांगत फिरलो. प्रत्यक्षात वर्गमुळाच्या आत निगेटिव्ह आकडा येत होता आणि नम्पाय (पायथॉनची गणिताची लायब्ररी) गुपचूप नॅन, म्हणजे 'हा आकडाच नाही', देत होतं, वॉर्निंग मी वाचलीच नव्हती. कटऑफखाली इम्पीडन्स (लहरीला होणारा विरोध) इमॅजिनरी होतो, म्हणून पहिल्यापासून कॉम्प्लेक्स वर्गमुळच घ्या.

दुसरं, लॉस (भिंतींत वाया जाणारी एनर्जी) धरला नाही तर शिखर इतकं टोकदार येतं की 10 मेगाहर्ट्झच्या स्टेपमध्ये ते सापडतच नाही.

आणि मूळ मॉडेल एकाच मोडचं (डब्यातल्या लहरीच्या एकाच आकाराचं) आहे, लहर समोरून येते आणि फट मधोमध आहे असं धरतं. फट कोपऱ्यात नेली की आकडे फसतात, तेव्हा थ्रीडीकडे जा, खुशाल जा.

व्हायवाला मला फक्त एकच विचारलं, "डबा रिकामा का धरलास, आत पीसीबी (सर्किट बोर्ड) नसतो का?" पीसीबी एनर्जी खातो, शिखर खाली बसतं. हे मला माहीत होतं, पण मोजलेलं नव्हतं.