युरोपियन कोर्टाचा निकाल आला की आधी नंबर बघा, टी आहे की सी

"युरोपियन कोर्टाने अमुक कंपनीला दणका दिला" अशी बातमी आली की आपण समजतो विषय संपला. पण खूपदा तो निकाल असतो जनरल कोर्टाचा, म्हणजे युरोपियन युनियनच्या खालच्या कोर्टाचा, आणि त्याच्या वर कोर्ट ऑफ जस्टिस बसलेलं असतं, दोन्ही लक्झेंबर्गमध्येच म्हणून गोंधळ होतो.

तर पहिलं काम, केस नंबर बघा. टी ने सुरू होत असेल तर खालचं कोर्ट, सी असेल तर वरचं. ही अक्षरं फ्रेंचमधून आलीत, त्रिब्युनाल आणि कूर. खालचं कोर्ट १९८९ ला सुरू झालं, वरच्या कोर्टावर केसेसचा फार बोजा झाला होता म्हणून, तेव्हा नाव कोर्ट ऑफ फर्स्ट इन्स्टन्स होतं, २००९ च्या शेवटी लिस्बन करार लागू झाल्यावर जनरल कोर्ट झालं.

मग बघा केस कोणावर आहे. समोर बहुतेक वेळा युनियनचीच एखादी संस्था असते, म्हणजे कमिशनने (युनियनचं कार्यकारी मंडळ) लावलेला दंड, कौन्सिलचे (सदस्य देशांच्या मंत्र्यांची संस्था) निर्बंध, ट्रेडमार्क ऑफिसचा नकार, देशांनी कंपन्यांना दिलेल्या सरकारी मदतीवरचे वाद, युनियनच्या कर्मचाऱ्यांच्या तक्रारी असलं सगळं. दोन शेजाऱ्यांचं भांडण किंवा चोरीची केस इथे येतच नाही. आणि मानवी हक्कांचं स्ट्रासबर्गचं कोर्ट हे पूर्ण वेगळं, ते युनियनचं नाहीच, कृपा करून मिसळू नका. ऑक्टोबर २०२४ पासून मात्र देशोदेशीच्या कोर्टांनी विचारलेले काही प्रश्न पण इथे येतात, व्हॅट, कस्टम्स, विमान लेट झाल्यावरची भरपाई वगैरे ठरावीक विषयातलेच.

जज ५४ आहेत, प्रत्येक देशाचे दोन, मुदत ६ वर्षं, पण ते आपल्या देशाची बाजू घ्यायला बसलेले नसतात. साधारण केस ३ किंवा ५ जणांसमोर चालते. १५ जणांचं ग्रँड चेंबर बसलं असेल तर समजा मामला मोठा आहे.

आता एक्स्पोर्टवाल्यांनी नीट वाचा, कारण आपल्या कंपन्या इथे जातात. ग्रॅफाइट इलेक्ट्रोडवर लावलेल्या अँटी डम्पिंग ड्युटीविरुद्ध (फार स्वस्तात माल विकला म्हणून लागणारी जादा आयात ड्युटी) एचईजी आणि ग्रॅफाइट इंडिया (हिचा नाशिकला प्लांट आहे) गेल्या होत्या, केस टी-४६२/०४, २००८ ला हरल्या. जायचं तर मुदत २ महिने, वर अंतरासाठी म्हणून सरसकट १० दिवस, पॅरिसवाल्याला तेवढेच आणि नाशिकवाल्यालाही तेवढेच. निर्णय युनियनच्या गॅझेटमध्ये छापून आला असेल तर २ महिने छापल्यापासूनचे १४ दिवस संपल्यावर मोजायचे. ही तारीख चुकली की केस कितीही भक्कम असो, ऐकूनच घेत नाहीत, म्हणून वकील शोधायला महिना घालवू नका. वकील युनियनमधल्या किंवा नॉर्वे, आइसलंड, लिख्टेनस्टाइनमधल्या कोर्टात उभं राहायची परवानगी असलेलाच लागतो, आपल्या इथला चालत नाही. कोर्ट फी नाही, कागद ऑनलाइन ई-क्युरियावर भरायचे, भाषा २४ पैकी कुठली ते केस करणारा निवडतो. आणि नुसती केस टाकली म्हणून ड्युटी किंवा दंड थांबत नाही, स्थगितीसाठी वेगळा अर्ज करावा लागतो आणि ती सहज मिळत नाही.

जिंकलात तरी कोर्ट बहुतेक वेळा निर्णय फक्त रद्द करतं, नवा लिहून देत नाही, तो त्या संस्थेने परत घ्यायचा. दंडाची रक्कम मात्र कोर्ट स्वतः बदलू शकतं.

शेवटचं, टी चा निकाल आला की सहसा २ महिने १० दिवस थांबा, कारण वर अपील होऊ शकतं, तेही फक्त कायद्याच्या मुद्द्यावर. ॲपलचं बघा, आयर्लंडला १३०० कोटी युरो टॅक्स भरा असं कमिशनने २०१६ ला सांगितलं, जनरल कोर्टाने जुलै २०२० ला ते रद्द केलं, सगळीकडे ॲपल जिंकलं म्हणून छापून आलं, आणि सप्टेंबर २०२४ ला वरच्या कोर्टाने तो निकालच उलटवला आणि पैसे भरावेच लागले.