घरच्या लग्नासाठी फुलं लावताय? या चुका टाळा

भाचीच्या लग्नात सजावटीची सगळी फुलं आपण लावलेली असावीत, असं मी मनाशी धरलं होतं. झिनिया, कॉसमॉस वेळेवर आले. शेवंतीनं मात्र दगा दिला. एकाच दिवशी लावलेल्या रोपांपैकी अर्धी बहरली आणि उरलेल्या अर्ध्यांवर कळीचं नाव नव्हतं. माती तीच, खत-पाणी तेच. बरेच दिवस डोकं खाजवल्यावर कळलं, की न फुललेल्या रोपांवर अंगणातल्या दिव्याचा उजेड रात्रभर पडत होता. शेवंतीला कळी धरायला लांब आणि सलग अंधारी रात्र लागते. मध्येच उजेड पडला की ती नुसती पानं वाढवत बसते. तेव्हा शेवंती लावणार असाल तर जागा दिवसा नव्हे, रात्री जाऊन बघा.

सगळ्यात मोठी चूक मात्र तारखेची. आपण आधी फुलं निवडतो आणि मग सवड मिळेल तेव्हा पेरतो. लग्नाची तारीख आपल्यासाठी सरकत नाही, म्हणून हिशोब तिथून मागे करायचा. झिनियाला पेरणीपासून साधारण 60 ते 70 दिवस लागतात. एका दांड्याला एकच फूल देणारी सूर्यफुलाची वाणं 50 ते 60 दिवसांत येतात. ग्लॅडिओलसचे कंद 70 ते 90 दिवस घेतात, तर डेलियाचे 90 ते 120. बियांच्या पाकिटावरचे दिवस चांगल्या हवेचे असतात. थंडी असेल, ढगाळ असेल तर ते वाढतात, म्हणून मी दोन आठवडे जास्तीचे धरते. शेंडा खुडला तर बहर आणखी आठवडा-दोन आठवडे पुढे जातो. झिनिया, कॉसमॉसचा शेंडा रोप वीतभर झालं की जरूर खुडा, फांद्या फुटून फुलं वाढतात. पण ते दिवस हिशोबात घ्या. एकदांडी सूर्यफुलाचा शेंडा मात्र चुकूनही खुडू नका, त्याचं एकमेव फूल तिथंच असतं.

सगळं बी एकाच दिवशी पेरणं ही याच चुकीची धाकटी बहीण. एकदांडी सूर्यफुलं एकदम उमलतात आणि काही दिवसांत उतरतात. आठवड्याच्या अंतरानं तीन वेळा पेरलीत तर त्यातली एक खेप तरी तारखेला सापडते.

झाड माजलंय, पण फूल नाही? बहुतेक वेळा नत्र जास्त झालेलं असतं. घाबरून आणखी खत घालू नका. ऊनही तपासा, यातल्या बहुतेक फुलांना रोज किमान सहा तास थेट ऊन हवं.

बहर लवकर आला? लग्नाला तीन-चार आठवडे असतील तर झिनिया आणि कॉसमॉसवरची उमललेली सगळी फुलं कापून टाका. जिवावर येतं, मला ठाऊक आहे. पण फुलं झाडावर ठेवलीत तर झाड बी धरायला लागतं आणि नवी कळी मंदावते. ग्लॅडिओलसला ही युक्ती चालत नाही. त्याच्या खालच्या दोन-तीन कळ्यांना रंग दिसला की दांडा कापून पाण्यात, थंड जागी ठेवा. तो उभाच ठेवा, आडवा ठेवला तर शेंडा वरच्या दिशेनं वाकतो.

आता कापणी. इथे चार महिन्यांची मेहनत एका दुपारी वाया जाऊ शकते. भर उन्हात कापलेलं फूल आधीच तहानलेलं असतं, म्हणून पहाटे कापा आणि दांडा लगेच पाण्यात घाला. झिनिया तयार आहे का हे पाहायला फुलाच्या वीतभर खाली दांडा धरून हलवा. फूल माना टाकल्यासारखं डोललं तर थांबा. ताठ राहिलं तर कापा. झिनिया आणि डेलिया कापल्यावर फारशी उमलत नाहीत, त्यामुळे कळीत कापून उपयोग नाही.

बादल्या घासून स्वच्छ हव्यात. पाण्यात बुडणारी पानं काढा, नाहीतर ती कुजतात, जिवाणू वाढतात, दांड्याचं तोंड बंद होतं आणि भरल्या बादलीत फूल सुकतं. फुलं फळांच्या फ्रिजमध्ये ठेवणं ही आणखी एक नेहमीची चूक. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू सुटतो आणि फुलं लवकर म्हातारी होतात. झिनियाला तर फ्रिजची थंडीही सोसत नाही, तिला सावलीतली गार खोलीच बरी.

आणि मोजणी. 40 फुलदाण्या, प्रत्येकीत 12 दांडे, म्हणजे 480 दांडे लागतील. किडलेले, वाकडे, पावसानं डागाळलेले वजा जाणारच, तेव्हा निदान 700 दांड्यांच्या हिशोबानं लावा. जमलं तर आदल्या वर्षी त्याच महिन्यात एक छोटा वाफा करून पाहा. तुमच्या मातीत काय कधी फुलतं ते त्यातूनच कळेल.

एवढे दांडे कापून, पानं काढून बादल्यांत भरायला चार माणसांची अख्खी सकाळ जाते. ती माणसं आधीच ठरवा, आणि त्यांत नवरीची आई नको.