लाल काड्यांचं डॉगवुड तपकिरी पडलंय? या चुका टाळा

"नर्सरीतून आणलं तेव्हा लालभडक होतं, आता नुसत्या मातकट काड्या उरल्यात." इंग्लंडमध्ये बाग करणाऱ्या आपल्या मंडळींकडून डॉगवुडबद्दल, म्हणजे हिवाळ्यातल्या रंगीत काड्यांसाठी लावतात त्या झुडपाबद्दल, ही तक्रार हमखास ऐकू येते. झाड मेलेलं नसतं, त्याला रोगही नसतो. बहुतेक वेळा त्याला कात्री लागलेली नसते, एवढंच.

डॉगवुडचा रंग असतो तो त्या वर्षी फुटलेल्या काडीच्या सालीत. थंडी वाढली, पानं गळली आणि उघड्या काडीवर ऊन पडलं की तो खुलतो. तीच काडी दोन-तीन वर्षांची झाली की साल जाड होते आणि रंग मातकट पडतो. जुन्या काडीला लाली परत येत नाही. दरवर्षी नवी काडी काढावी लागते, आणि ती काढायची तर जुनी कापावी लागते.

हात आखडता घेऊ नका

सगळ्यात मोठी चूक हीच. माणसं शेंडे खुडल्यासारखे वरवर छाटतात. मग वर नव्या फुटव्यांचा झुपका आणि खाली तपकिरी खुंट, असं विचित्र झाड तयार होतं. नाशिककडची द्राक्षबाग पाहिली असेल तर एप्रिलची खरड छाटणी आठवा. ओलांड्यावर, म्हणजे वेलीच्या आडव्या फांदीवर, एक-दोन डोळे ठेवून बाकी सगळं उतरवतात, तेव्हा कुठे जोमदार काड्या येतात. इथेही तसंच करायचं. लाल काड्यांच्या 'सिबिरिका' जातीची प्रत्येक काडी जुन्या खुंटापासून पाच ते आठ सेंटिमीटरवर कापा. डॉगवुडचे डोळे समोरासमोर, जोडीने असतात. खालून दुसरी जोडी शोधा आणि तिच्या किंचित वर सिकेटर (छाटणीची कात्री) चालवा. कापल्यावर जमिनीलगत नुसती बोटभर खुंटं उरतात आणि जीव हळहळतो, पण मे महिन्यात त्याच खुंटांतून सरळसोट काड्या वर येतात. छाटणी झाली की बुंध्याशी कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट पसरा. एवढी वाढ पुन्हा करायची तर झाडाला खुराक हवाच.

मात्र नव्या रोपाला एवढ्यात हात लावू नका. लावल्यावर एक वर्ष, रोप लहान असेल तर दोन वर्षं, त्याला मुळं धरू द्या.

ऑक्टोबरात कात्री काढू नका

पानं गळाली की बाग आवरायचा उत्साह येतो आणि त्या भरात लोक डॉगवुडही कापतात. म्हणजे ज्या चार महिन्यांसाठी झाड लावलं, तेच हातचे घालवले! छाटणी मार्चमध्ये, डोळे फुगायला लागले की करायची. तोवर अख्खा हिवाळा रंग बघा.

सगळ्या जातींना एकच माप नको

'मिडविंटर फायर' ही जात मला सर्वांत देखणी वाटते. बुडाशी पिवळी, वर नारिंगी आणि शेंड्याला लाल. पण तिचा जोर 'सिबिरिका'पेक्षा कमी. तिला दरवर्षी बुडापासून कापलं तर ती खंगते. पहिली दोन-तीन वर्षं तिला वाढू द्या, मग दर मार्चला सर्वांत जुन्या एक तृतीयांश काड्या तेवढ्या काढा. ती जमिनीखालून फुटवे सोडत पसरते, तेव्हा नको असलेले वेळीच उपटा. पिवळ्या काड्यांची 'फ्लॅविरामिया' जोमदार आहे, ओलसर जमिनीतही खूश असते आणि कडक छाटणी सोसते.

नारिंगी काड्यांसाठी लावतात त्या विलोच्या (हे वेगळंच झाड) मोहात पडण्याआधी जागा बघा. विलोची मुळं पाणी शोधत लांब जातात. चिकणमातीची जमीन असेल तर घराच्या भिंतीजवळ किंवा सांडपाण्याच्या नळाजवळ विलो अजिबात लावू नका, मग तो कितीही छाटून छोटा ठेवायचा बेत असो.

जागा चुकली तर रंग दिसतच नाही

झाड निरोगी, छाटणी वेळेवर, तरी मजा येत नाही? मग मागे काय आहे ते बघा. लाल विटांच्या भिंतीपुढे लाल काडी हरवते, तपकिरी कुंपणापुढेही तेच. मागे गर्द हिरवं सदाहरित झुडूप असेल तर तीच काडी उठून दिसते. दुसरं म्हणजे ऊन. सावलीत काडी जगते, पण रंग फिका राहतो. डिसेंबरात लंडनला चारच्या आत सूर्य मावळतो आणि दुपारीही तो खालीच असतो. जुलैमध्ये उन्हात असलेला कोपरा तेव्हा दिवसभर कुंपणाच्या सावलीत असू शकतो. म्हणून जागा हिवाळ्यात, स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघून ठरवा. थंडीत बागेत कोण जातंय, बघणं खिडकीतूनच होतं. एकटं रोपही लावू नका. तीन किंवा पाच जवळजवळ लावली की रंगाचा पट्टा दिसतो.

हे प्रत्यक्ष पाहायचं तर जानेवारी-फेब्रुवारीत केंब्रिज विद्यापीठाच्या बोटॅनिक गार्डनमधली हिवाळी बाग बघा, किंवा जवळच्याच अँग्लसी ॲबी या वाड्याच्या बागेत जा. तिथल्या हिवाळी वाटेच्या टोकाला पांढऱ्याशुभ्र खोडांचं हिमालयन बर्चचं बन आहे. आपलं भूर्जपत्र ज्याच्या सालीचं, तोच हा वृक्ष.

छाटलेल्या काड्या फेकू नका

पेन्सिलीएवढी जाड काडी वीत-सव्वा वीत लांब कापा, डोळे वरच्या दिशेला ठेवून दोन तृतीयांश मातीत खोचा. काड्या नोव्हेंबर ते फेब्रुवारीत लावणं उत्तम, पण मार्चच्या छाटणीतल्याही बऱ्याच लागतात. पुण्याच्या बागेसाठी बॅगेत टाकून मात्र नेऊ नका. परवानगीशिवाय रोपं-कलमं भारतात नेता येत नाहीत, आणि हे झाड कडक थंडीचं आहे. उन्हाळाभर माती ओलसर ठेवा आणि पुढच्या शरदापर्यंत कलमं जागची हलवू नका.